हुंड्यात न दिलेलं गाव

पोर्तुगालच्या राजघराण्याने १६६१ साली आपली कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचं ठरवलं आणि हुंड्यात मुंबई बेट देऊन टाकलं. वसई दिली नाही. शाळेच्या पुस्तकात यातलं पहिलं वाक्य असतं. दुसरं ऐकायला वसईत यावं लागतं. इथल्या कुठल्याही जुन्या माणसासमोर मुंबईची तारीफ करून पाहा. तो सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, "चांगली वस्तू कोण देतं हो हुंड्यात?" जावयालाही ती फार काळ ठेववली नाही. १६६८ साली चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. आज तेवढ्यात अंबाडी रोडवर चौघांचं धड जेवण होत नाही. अर्थात हे सगळं अभिमानाने सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हुंड्यात नोकरीला जातो, वसई रोडहून फास्ट लोकलने, एका पायावर उभा राहून.

मी मूळचा गिरगावचा, म्हणजे हुंड्याच्या आतला. खोली पुरेना तेव्हा माणिकपूरला आलो. तेव्हा पत्त्यात ठाणे जिल्हा आणि नवघर-माणिकपूर नगरपरिषद लिहीत असू. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. आमचं घर जागेवरून इंचभर हललेलं नाही, पण पोस्टमनला विचाराल तर आम्ही सारखे बिऱ्हाड बदलणारे लोक आहोत. सीमा बदलणं हे युरोपचं खास दुखणं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

लोक युरोप बघायला लाखांनी पैसे भरतात. मला तो जिन्यात भेटला. आमच्या वरच्या मजल्यावर काका-काकी राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे वसईकर, धर्माने कॅथलिक, आडनाव पोर्तुगीज, रविवारी सेंट मायकल चर्चमध्ये मराठी मिस्सा, आणि भांडण झालं तर तेही चोख मराठीत. बिऱ्हाड लागलं त्या दिवशी काकी वाटीभर काहीतरी लालभडक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चिकनचं इंद्याल आहे. तुम्ही खाता ना?" आम्ही खात नव्हतो. त्या दिवसापासून खातो. हिने मात्र रीतसर आमची पुरणपोळी वर पाठवली आणि दोन्ही घरांत व्हिनेगर आणि तुपाचा व्यापार सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे.

काकांचं एक जुनं दुःख आहे. गोवा, दमण आणि दीव इथे १९ डिसेंबर १९६१च्या आधी जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. काकांचे म्हापशाचे साडू असेच एका सकाळी युरोपियन झाले. वसई त्या यादीत नाही, कारण चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्येच किल्ला घेतला. "आप्पा फक्त २२२ वर्षं थांबले असते तर काय बिघडलं असतं?" असं काका विचारतात. किल्ल्यात आप्पांचं स्मारक आहे. काका तिथून जाताना मराठी माणूस म्हणून हात जोडतात आणि अर्जदार म्हणून सुस्कारा सोडतात. त्या लढाईनंतर इथल्या चर्चच्या घंटाही गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. काका नाशिकला गेले की नारोशंकरासमोर थोडा वेळ थांबतात आणि एखाद्याने घंटा जोरात वाजवली तर त्याला सांगतात, "जरा हळू. आमची आहे."

पासपोर्ट नाही म्हणून वसईकर युरोपला जात नाही असं मुळीच नाही. त्याचा मार्ग वेगळा. आमच्यासारखे लोक स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे राहून पोहे खाणाऱ्या सहलींना जातात. वसईच्या यात्रा फातिमा, लूर्द आणि रोमला जातात. बसमध्ये पुढच्या सीटवर फादर असतात, मागे पन्नास माणसं आणि मधल्या वाटेत भाकऱ्यांचे डबे. १८५८ साली लूर्दच्या गुहेत बर्नादेतला मारियामातेचं दर्शन झालं. तिथल्या झऱ्याचं पाणी मातेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळतं, निळा मुकुट फिरवला की झाकण उघडतं. आमच्या इमारतीत अशा इतक्या बाटल्या आल्या आहेत की पाणीकपातीच्या दिवशी मला नाही नाही ते विचार सुचतात.

या यात्रेत युरोपियन माणसाची फार ओढाताण होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट येतो, त्यावर नाव परेरा. तो खुश होऊन पोर्तुगीजमधून काहीतरी विचारतो. समोरचे परेरा मागे वळून मराठीत विचारतात, "काय म्हणतोय रे हा?" अधिकारी इंग्रजीत घरची भाषा विचारतो. परेरा अभिमानाने मराठी सांगतात. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव बघून परेरांना वाटतं, याला आता उस्मानाबादचं सगळं सांगावं. म्हणजे २०२० साली ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं, वगैरे. पण मागे रांग असते.

खरी मजा लिस्बनच्या हॉटेलात. काउंटरवरच्या मुलाच्या छातीवर लोपेस अशी पाटी असते आणि समोर वसईचे लोपीस उभे. गिरगावातला जोशी परगावात दुसरा जोशी दिसला तर फक्त मान हलवतो. वसईकर लगेच भावकी काढतो. "तुम्ही कुठले?" मुलगा म्हणतो, ब्रागाचा. "म्हणजे मूळचे?" मुलाला मूळ सापडत नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी सुचवतं की भावकीच निघाली आहे तर चेक-आउट बारापर्यंत वाढवून घ्या. ते मिळतं, हे विशेष.

काका-काकी मात्र यात्रेला गेले नाहीत. ते गेले मुलीमुळे. त्यांची मुलगी नर्स. जर्मनीला नर्सेस हव्या आहेत हे वसईला फार लवकर कळलं आणि नाक्या-नाक्यावर जर्मनच्या क्लासच्या पाट्या लागल्या. तिकडे बी-टू नावाची पातळी गाठावी लागते. परीक्षेत पेशंटशी बोलून दाखवायचं असतं, म्हणून सरावाला घरात पेशंट हवा. ती जबाबदारी काकांवर आली. जवळजवळ वर्षभर काका संध्याकाळी सोफ्यावर आडवे व्हायचे आणि कण्हत कण्हत जर्मनमध्ये आपली लक्षणं सांगायचे. पोर पास झाली. काकांचं जर्मन मात्र तिथेच थांबलं. त्यांना चहा मागता येत नाही, पण डाव्या बाजूला तीन दिवसांपासून कळ येते आहे, जेवणानंतर वाढते, ताप नाही, हे ते अस्खलित सांगतात. पुढे मुलीकडे गेल्यावर एके सकाळी ते एकटेच बेकरीत पाव आणायला गेले. काउंटरवरची बाई प्रेमाने काहीतरी विचारू लागली. गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून काकांनी येत होतं ते सांगितलं. त्यांना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं आणि पाव फुकट मिळाला. आता ते म्हणतात, जर्मन माणूस फार मायाळू.

काकींचं मत इतकं चांगलं नाही. त्यांनी जाताना बाटली मसाला नेला होता. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत दाबून भरलेला. वीस-पंचवीस जिन्नस असतात त्यात. कुठले, ते काकी सांगत नाहीत. पहिल्याच रविवारी सकाळी त्यांनी मुलीच्या ओट्यावर लसूण कुटायला घेतली. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नसतो. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेसाठीच्या डब्यात टाकायच्या नाहीत. दुपारी दारावर एक चिठ्ठी आली. अतिशय सभ्य भाषेत विचारलं होतं की आपल्याकडे बांधकाम कधी संपणार आहे. काकींनी चिठ्ठी तीनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "आपल्याकडे रविवारी शेजारून कुटण्याचा आवाज आला नाही तर माणूस जाऊन विचारतो, बरं आहे ना?" संध्याकाळी त्यांनी सुकट भाजली. त्यानंतर चिठ्ठी नाही आली, अग्निशमन दलाचा माणूस आला.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. तिकडे रिकामी बिअरची बाटली दुकानात परत केली की ८ सेंट मिळतात, प्लास्टिकची दिली तर २५. माणसं सुटाबुटात, गाडीतून, पिशव्या भरभरून बाटल्या नेतात आणि यंत्रासमोर रांग लावतात. काका म्हणाले, "आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. तिकडे सगळेच तो आहेत." मसाल्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्यावर काकींनी त्या परत केल्या नाहीत, हे सांगायला नकोच. मसाला पुन्हा भरायचा तर बाटल्या नकोत?

काकांना तिथे सर्वांत समाधान दिलं ते रेल्वेने. जन्मभर जर्मन शिस्तीचे दाखले ऐकलेला हा विरार लाइनचा माणूस स्टेशनवर उभा, आणि फलकावर गाडी पन्नास मिनिटं उशिरा. २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या. शिवाय सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर मानत नाहीत आणि रद्द झालेली गाडी हिशेबातच धरत नाहीत. काकांनी हे सगळं वहीत उतरवून आणलं आणि पश्चिम रेल्वेच्या डब्यात महिनाभर वाचून दाखवलं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने शेवटी विचारलं, "पण काका, बसायला मिळतं ना तिकडे?" त्यावर काकांकडे उत्तर नव्हतं.

तर तिथेच, जर्मनीतल्या तिच्या हॉस्पिटलात, मुलीला मुलगा भेटला. तोही नर्स, तोही घर सोडून आलेला. जर्मन नाही. पोर्तुगीज! आणि पोर्तुगीजांतही मदेराचा. अटलांटिक महासागरातलं ते बेट काकींनी नकाशात भिंग लावून शोधलं. रोनाल्डो तिथला, एवढं कळल्यावर सोसायटीच्या पोरांनी लग्नाला परस्पर मंजुरी दिली. काकांनी वेगळाच हिशेब केला. जावई पोर्तुगीज, म्हणजे नातवंडं पोर्तुगीज. १७३९ साली गेलेला पासपोर्ट मुलीच्या बाजूने घरात परत येत होता.

जावई नाताळला आला. माणिकपूरचा नाताळ म्हणजे गल्लीभर चांदण्या, प्रत्येक वाडीत गोठ्याचा देखावा, आणि घराघरांतून तळण. काकींचं घर आठवडाभर नेवऱ्या आणि कुलकुलांनी भरलेलं. मुलगी अंघोळीला गेली आणि बाहेर जावई, सासू, सासरे आणि मी एवढे चौघं उरलो. समान भाषा कुठलीच नाही. जावई जुजबी इंग्रजीवर आणि आम्ही हसण्यावर वेळ मारून नेत होतो. तेवढ्यात काकींनी काकांना हाक मारली, "अहो, त्याला कपाटाची चावी द्या, साबण तिथंच आहे." जावयाने मान वर केली. चावी दाखवून म्हणाला, "शावी?" मग साबणाकडे बोट करून "सबाँव". काकींनी टोपलीतला बटाटा उचलला. "बटाटा," जावई म्हणाला. पाव. अननस. मेज. काकी एकेक वस्तू उचलत होत्या आणि जावई जिंकत होता. पुढची दहा मिनिटं या दोघांनी एकही क्रियापद न वापरता अख्खं घर फिरून पाहिलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, ब्रोकर भाडेकरूला फ्लॅट दाखवतोय.

काकांना हुरूप आला. आतापर्यंत जो प्रश्न विचारायला भाषा नव्हती तो आता विचारता येईल असं त्यांना वाटलं. जवळ सरकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पगार?"

पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ पैसे देणे. जावई गंभीर झाला. त्याने खिशातून पाकीट काढलं, उघडलं, आणि किती, या अर्थाने सासऱ्यांकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, साबणाचे. काकी ओरडल्या, मुलगी ओल्या केसांनी धावत आली, सगळा उलगडा झाला. काका ओशाळले खरे, पण पाकिटात काय होतं ते त्यांनी बरोबर बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एकादशी. हिला परदेशी पाहुण्याला अस्सल मराठी, सोवळ्यातलं काहीतरी खाऊ घालायचं होतं. खिचडी पुढे आली. जावई चमच्याने त्यातला एकेक जिन्नस बाजूला काढून ओळखू लागला. बटाटा, त्यांच्या गलबतांतून आलेला. मिरची, तीच वाट. शेंगदाणे, तेही अमेरिकेतून समुद्रामार्गेच आलेले. हिने ताट उचललं. उरलेला दिवस तिने पाण्यावर काढला. पाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पण मुख्य सामना इंद्यालचा होता. काकींनी डुकराचं मांस मिरची, लसूण, जिरं आणि व्हिनेगर लावून दोन दिवस मुरत ठेवलं होतं. झाकण उघडलं आणि जावई स्वयंपाकघराच्या दारात थबकला. मदेरामध्ये नाताळला हेच करतात. डुकराचं मांस, लसूण, व्हिनेगर नाहीतर वाइन, तमालपत्र, आणि दिवसच्या दिवस मुरवणं. त्याचं नाव विन्या द आल्योस. आपल्याकडच्या हॉटेलांतलं विंदालू त्याच नावातून आलं. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईच्या घरचा वास," तो मुलीला म्हणाला, तिने आम्हाला सांगितलं. मग त्याने घास घेतला, आणि डोळ्यांतल्या पाण्याचं कारण बदललं.

काकींचे तळलेले फुगे खाऊन, पाणी पिऊन, केळं खाऊन तो पूर्वपदावर आल्यावर मुलीने काकींना विचारलं, त्यांच्यात मिरची नसते, तुला माहीत होतं का? काकींनी चमचा खाली ठेवला. "मिरची आणली कोणी?" त्या म्हणाल्या. "ह्यांनीच ना? आपल्याला देऊन गेले आणि स्वतः खायची राहिले. चारशे वर्षं आपण नीट सांभाळलंय, आणि ह्यांच्याकडे बघ, नुसता लसूण."

जावयाने आईकडून केक आणला होता, बोलो द मेल. नावात मध आहे, पण असते काकवी, कारण मदेरा हे उसाचं बेट. दरवर्षी ८ डिसेंबरला तो करायचा, वर्षभर टिकतो, आणि तो सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. काकी सुरी घेऊन आल्या. जावई आडवा झाला. आपल्या घरात कुणी आपल्या सुरीसमोर आडवं व्हावं हे काकींना नवं होतं, पण जावई होता. त्याने मोडून दिलेला तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. "लवंग," त्या म्हणाल्या. "दालचिनी. जायफळ." एकेक नाव त्या अशा घेत होत्या, जणू चोरीचा माल ओळखायला पोलिसांनी बोलावलंय. शेवटी म्हणाल्या, "केक चांगला आहे. त्यांच्या आईला सांगा, सामान आमचं असलं तरी हात तिचा चांगला आहे."

त्या मातेने हे मनावर घेतलं. मदेरातल्या फुंशालहून व्हिडिओ कॉल आला. दोन्ही विहिणी एकमेकींना आपापली पातेली दाखवून बोलल्या. मदेराच्या विहीणबाईंना बाटली मसाला हवा होता. आणि त्यांच्या घरात सुका मासा फार आवडीचा असल्यामुळे, तोही. पोर्तुगालचा माणूस खारवलेल्या सुक्या कॉड माशावर जगतो, त्याला ते बकाल्याव म्हणतात. बोंबील वाळवणाऱ्या गावात त्याची सोयरीक झाली, हे तसं जमूनच आलं म्हणायचं.

प्रश्न सामानाचा. मुलीने युरोपीय संघाचे कस्टमचे नियम मोबाइलवर वाचून दाखवले. बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी. म्हणजे पेढे बाद, इंद्याल बाद, सोरपोतेल बाद. फळांना सरकारी दाखला लागतो, फक्त पाच फळं सोडून: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. काकांनी टेबलावर थाप मारली. हापूस, ज्याच्या नावात त्यांचा अफोन्सो आहे, तो दाखल्याशिवाय चालत नाही आणि वसईचं केळं चालतं! सुकेळीचं एक पुडकं लगेच बॅगेत गेलं. "मासा?" काकींनी विचारलं. मासा चालतो. स्वतःच्या वापरासाठी माणशी २० किलो. पेढ्याला बंदी आणि सुकटीला परवानगी देणारा असा समंजस कायदा आपल्याकडे व्हायला हवा, असं काकींचं मत पडलं. मुलगी घाईघाईने मोबाइल बंद करत होती, पण काकांनी तो घेतला. त्यांना पुढची ओळ दिसली होती. वीस किलो, किंवा एका माशाचं वजन, यांपैकी जे जास्त असेल ते.

"म्हणजे मासा एकच असेल तर कितीही मोठा चालतो," काका म्हणाले.

"बाबा, बॅगेचं वजन..."

काकांनी चष्मा लावला आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यात फोन फिरवला. "हां, मी बोलतोय माणिकपूरहून. घोळ आहे का? नाही, तुकडे नकोत. एकच पाहिजे. साफ करून, खारवून. पण वीस किलोच्या वर पाहिजे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, लग्न झालं," काका म्हणाले. "कस्टमसाठी हवा."